बाळाच्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसाची आज कितपत गरज आहे?

माळरान

नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीच्या सोबतीने बाळाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजला जातो आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे एकूण नऊ डोस शासकीय वेळापत्रकात आहेत. पहिला डोस १ लाख आंतरराष्ट्रीय एककांचा असतो आणि पुढचे आठ प्रत्येकी २ लाखांचे, म्हणजे सगळे मिळून १७ लाख एकके होतात. कुपोषणामुळे येणारे अंधत्व टाळण्यासाठी हा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला आणि त्याला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाचा आधार होता. आता अर्धे शतक उलटून गेले आहे. सुस्थितीतील घरांमधून ‘आमच्याकडे दूध, अंडी, फळे सगळे आहे, मग हा डोस कशासाठी’ असे विचारले जाते, तर काही पालक ‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झाले तर काय बिघडणार’ असे म्हणून दुकानातून वेगळे थेंब आणून तेही चालू ठेवतात.

माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यकृतात आहेत. क जीवनसत्त्व आणि ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि गरजेपेक्षा जास्त झाली की लघवीवाटे निघून जातात. ‘अ’ मात्र मेदात विरघळते आणि शरीरातील त्याच्या एकूण साठ्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग यकृतातील विशिष्ट पेशींमध्ये साठवलेला असतो. तेथून ते रेटिनॉलच्या रूपात एका वाहक प्रथिनाच्या पाठीवर बसून रक्तातून हवे तेथे जाते. यकृतातील साठा बराच उतरेपर्यंत रक्तातील पातळी फारशी हलत नाही. म्हणूनच सहा महिन्यांतून एकदा डोस देण्याची कल्पना मुळात शक्य होते, म्हणूनच कमतरता फार उशिरा लक्षात येते, आणि म्हणूनच अतिरेकही गाजावाजा न करता साठत राहतो.

हिशेब करून पाहू. एक एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, तेव्हा २ लाख एककांचा डोस म्हणजे ६० हजार मायक्रोग्रॅम. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४०० मायक्रोग्रॅम लागतात असे धरले, तर सहा महिन्यांची गरज ७३ हजारांच्या आसपास येते. पाजलेला सगळा डोस अंगी लागत नाही, हे लक्षात घेतले तर हा डोस काही महिन्यांची बेगमी आहे, पूर्ण सहा महिन्यांचे रेशन नव्हे. उरलेला भाग ताटातूनच यायला हवा. तो तसा येतो का, आणि येत असेल तर डोसाचे काय करायचे, यावर येथील वैद्यकीय आणि आहारशास्त्रातील जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

दवबिंदू

माळरान, मांडणी उत्तम आहे. मी काही वर्षे विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात बालरोग विभागात होते, त्यामुळे आधी रोगाबद्दल लिहिते आणि मग डोसाबद्दल.

अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात आणि त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणाऱ्या रेटिनॅलवर अवलंबून असते. जॉर्ज वाल्ड यांना १९६७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते डोळ्यातील याच रसायनशास्त्राच्या कामासाठी. रेटिनॅल कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. दिवेलागणीनंतर मूल एका जागी बसून राहते, ताटातला घास चाचपडते, आणि आईला वाटते की ते झोपाळले आहे. त्यानंतर डोळ्याचा पांढरा भाग कोरडा व सुरकुतलेला दिसू लागतो आणि त्यावर फेसासारखे, राखाडी-पांढरे ठिपके उमटतात. पिएर बिटॉट या फ्रेंच वैद्याने १८६३ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून ते बिटॉट ठिपके. येथपर्यंत उपचारांनी बरेच काही परत मिळवता येते. पुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर व्रण झाला आणि तो विरघळू लागला, की काही दिवसांत डोळा जातो, आणि तोही बहुधा गोवर किंवा जुलाबाच्या आजारपणात, जेव्हा आधीच रिकामे असलेले यकृत एकदम उघडे पडते.

मात्र या जीवनसत्त्वाचे काम डोळ्यापुरते समजणे ही फार मोठी चूक ठरेल. त्याच्यापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू राहावीत हे ठरवते, आणि श्वासनलिका, आतडे व मूत्रमार्ग यांचे ओलसर अस्तर टिकून राहणे त्यावर अवलंबून असते. ते अस्तर कोरडे, कातडीसारखे झाले की जंतूंना वाट मोकळी होते. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियात काम करताना हे पाहिले. ज्या मुलांना केवळ सौम्य नेत्रविकार होता, ती मुले आंधळी होण्याच्या कितीतरी आधी जुलाब आणि न्यूमोनियाने दगावत होती. त्यांचा १९८३ सालचा हा निष्कर्ष सहजासहजी कोणी मान्य केला नाही. मग आचे प्रांतातील सुमारे साडेचारशे गावांत चाचणी झाली. डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले आणि १९८६ साली ते आकडे प्रसिद्ध झाले.

भारतातील चित्र इतके सरळ नाही. १९९० साली दोन भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाले. तमिळनाडूत दर आठवड्याला अगदी लहान मात्रा, म्हणजे सुमारे ८,३३३ एकके, घरोघरी जाऊन पाजली तेव्हा मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हैदराबादच्या परिसरात दर सहा महिन्यांनी मोठा डोस दिला तेव्हा फरक जवळपास दिसलाच नाही. घरभेटींमुळे डोस मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांतील मुले वेळेवर उपचारांपर्यंत पोहोचत होती, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या प्रचंड चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले, त्यात घट ४ टक्के होती आणि ती योगायोगानेही आलेली असू शकेल इतकी किरकोळ होती. जगभरातील चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर अलीकडचा अंदाज १२ टक्क्यांच्या घरात येतो. मला तमिळनाडूचा अभ्यास सर्वांत बोलका वाटतो, कारण रोजच्या अन्नातून थोडे थोडे मिळण्याच्या सर्वांत जवळची पद्धत तीच होती.

घेवडा_आणि_भाकरी

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. पालक, मेथी, चाकवत, तांदुळजा यांपैकी काहीतरी आठवड्यातून चार दिवस होतेच. गाजराइतकेच ‘अ’ पालेभाज्यांतही असते असे शाळेपासून शिकत आलो आहोत. मग शाकाहारी घरातील मुलाला ते पुरेसे मिळत नसेल असे मानण्याचे कारण काय? नात सव्वा वर्षाची आहे, म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

काठपदर

काका, आहारशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वनस्पतींमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व तयार स्वरूपात अजिबात नसते. त्यांच्यात कॅरोटिन असते आणि आपल्या आतड्यातील एक विकर त्याचे दोन तुकडे करून ‘अ’ बनवते. तयार ‘अ’ मिळते ते कलेजी, अंड्यातील पिवळा बलक, सायीचे दूध, लोणी, तूप आणि मासळीच्या यकृताचे तेल यांतून. कॅरोटिनपासून किती ‘अ’ मिळते याचा अंदाज गेल्या काही दशकांत बराच खाली आला आहे. पूर्वी ६ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिनमागे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल धरत असत, परंतु २००१ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने हे प्रमाण १२ ला १ असे ठरवले. जुन्या तक्त्यांतील पालेभाज्यांचे डोळे दिपवणारे आकडे त्यामुळे एका झटक्यात निम्मे झाले. त्यातही माणसामाणसांत फरक असतो, कारण काहींच्या शरीरातील हे विकर जन्मतःच मंद असते.

तरीही पालेभाजी पुरते, हे मी मुद्दाम सांगते. १२ ला १ हाच हिशेब धरला तरी १०० ग्रॅम कच्च्या पालकातून सुमारे ४७० आणि तेवढ्याच गाजरातून ८३५ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतका ऐवज मिळतो. अडचण असते ती मूल प्रत्यक्षात किती खाते, ही. सव्वा वर्षाचे मूल पालेभाजीचे दोन घास खाते, वाटी नव्हे. दुसरी अडचण स्निग्धतेची आहे. कॅरोटिन मेदात विरघळल्याशिवाय आतड्यातून पुढे जात नाही, म्हणून नुसत्या उकडलेल्या भाजीपेक्षा तेलाची फोडणी दिलेली, दाण्याचे कूट घातलेली किंवा डाळीत शिजवून वरून तूप सोडलेली भाजी कितीतरी अधिक उपयोगी ठरते. शिजवल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि कॅरोटिन सुटे होते, त्यामुळे येथे कच्च्या कोशिंबिरीचा आग्रह धरू नये. पाला वाळवायचा असेल तर तो सावलीतच वाळवावा, कारण उन्हाने कॅरोटिन नष्ट होते. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. वर्षातून एकदाच होणारी ती भाजी पावसाळाभर होत राहिली तर मला आनंदच होईल, कारण कॅरोटिनच्या बाबतीत शेवग्याचा पाला पालकाच्या कितीतरी पुढे आहे आणि तो बहुतेकांच्या परसात फुकट मिळतो.

दुधाबद्दलही एक गोष्ट सांगते. म्हशीचे दूध आणि तूप पांढरे दिसते म्हणून त्यात ‘अ’ नाही, असा समज आहे. तसे नाही. म्हैस चाऱ्यातील कॅरोटिनचे जवळजवळ पूर्णपणे ‘अ’ मध्ये रूपांतर करते, तर गाईच्या दुधात काही कॅरोटिन तसेच उतरते आणि त्याचा पिवळेपणा दिसतो. दुधातून साय काढली की मात्र ‘अ’ सायीबरोबर जाते. म्हणून टोन्ड दुधात आणि खाद्यतेलात ‘अ’ व ‘ड’ मिसळण्याची पद्धत आली. पिशवीवर अधिक चिन्हासह इंग्रजी ‘एफ’ अशी निळी खूण असेल, तर ते दूध तसे समृद्ध केलेले आहे.

तुमच्या नातीसाठी आईचे दूध चालू असेल तर फारच चांगले. वरणभातात तूप, पालेभाजी, लाल भोपळा, पिकलेला आंबा किंवा पपई यांचा रोजचा थोडा थोडा फेर असावा. आणि डोसही चुकवू नये, त्याबद्दल दवबिंदू लिहितीलच.

रानफूल

टोमॅटो आणि कलिंगडाचा लाल रंगही यातच धरावा का? आणि गाजर खाऊन चष्म्याचा नंबर उतरतो का? आमच्याकडे दोन्ही बाबतींत घरोघरी ठाम मते आहेत.

काठपदर

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. टोमॅटो आणि कलिंगडाचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा असतो आणि त्यापासून शरीराला ‘अ’ बनवता येत नाही. टोमॅटोत थोडे बीटा-कॅरोटिन असते, तेवढेच कामाचे. बीटरूटचा रंग तर कॅरोटिनचा नसतोच. आपल्या बाजारात मिळणारे पांढऱ्या गराचे रताळेही या दृष्टीने जवळपास कोरडे असते. नारिंगी गराच्या रताळ्याची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेत ते रुजवण्याच्या कामासाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार दिला गेला, आणि तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाची तशीच जात आपल्याकडे विकसित केली आहे. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या लांबीशी आणि बुबुळाच्या वक्रतेशी संबंधित असतो, त्यावर गाजराचा परिणाम होत नाही. गाजराची ख्याती वाढली ती दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा ब्रिटिश वैमानिक रात्री शत्रूची विमाने टिपतात ते गाजरे खाऊन, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात त्यांच्या विमानांत रडार बसले होते.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत राहतो. येथे मुलांच्या ‘गमी’ नावाच्या गोळ्या चॉकलेटसारख्या लागतात आणि मुले त्या मागून मागून खातात, म्हणून माळरान यांनी मांडलेल्या अतिरेकाच्या बाजूबद्दल लिहितो. प्रौढांसाठी तयार रेटिनॉलची कमाल मर्यादा येथे दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम धरतात, लहान मुलांसाठी ती बरीच कमी, म्हणजे तीन वर्षांपर्यंत ६०० आहे. जुन्या बाटल्यांवर एकके आणि नव्या बाटल्यांवर मायक्रोग्रॅम छापलेले असतात, त्यामुळे दोन उत्पादने एकाच वेळी चालू असतील तर बेरीज करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत.

अतिरेकाचा इतिहास जुना आहे. १५९७ साली नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात अडकलेल्या डच दर्यावर्दींनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाल्ले, ते सगळे आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी निघाली, अशी नोंद त्यांच्यापैकी एकानेच करून ठेवली आहे. आज इतक्या टोकाचे कोणी करत नाही, पण महिनोन्‌महिने जादा मात्रा घेतल्यास डोकेदुखी, केस गळणे, हाडे दुखणे आणि यकृताला इजा हे सगळे घडते. गर्भवतींसाठी धोका याहून गंभीर आहे. पहिल्या तिमाहीत तयार ‘अ’ जास्त झाल्यास गर्भाच्या घडणीत व्यंग येऊ शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला १० हजार एककांची मर्यादा सांगितली आहे. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन याच कुळातले आहे आणि गर्भारपणात ते पूर्णपणे वर्ज्य आहे.

भाज्यांतील कॅरोटिनने असे होत नाही, कारण गरज भागली की रूपांतर मंदावते. फार तर तळहात पिवळे दिसतात, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो म्हणून ती कावीळ नव्हे हे ओळखता येते. गोळीतील कॅरोटिनची गोष्ट मात्र निराळी आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. कर्करोग टळेल या आशेनेच ती चाचणी सुरू झाली होती.

गिरगावातला_जुना

वर मासळीच्या यकृताच्या तेलाचा उल्लेख आला, म्हणून जुनी एक माहिती देतो. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून कॉडचे तेल येणे अडले, तेव्हा आपल्याकडे मुंबई आणि मद्रास प्रांतांत मुशीच्या (शार्क माशाच्या) यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. आमच्या पिढीने नाक दाबून चमच्याने घेतलेले तेल ते हेच. पहिल्या महायुद्धात डेन्मार्कने लोणी परदेशी विकले आणि गरिबांच्या मुलांना साय काढलेले दूध व वनस्पतिजन्य मार्गारीन उरले, तेव्हा कार्ल ब्लॉक नावाच्या डॉक्टरांकडे डोळे सुजलेली, बुबुळावर व्रण झालेली मुले येऊ लागली. १९१७ च्या अखेरीस लोण्याचे नियंत्रित वाटप सुरू झाल्यावर हा आजार ओसरला. दूधदुभत्याचा देश असूनही हे घडले, म्हणून घरात सुबत्ता आहे एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी मुलाच्या पोटात प्रत्यक्ष काय जाते तेही पाहावे.

दवबिंदू

आता डोसाबद्दल. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के मुलांमध्ये ‘अ’ ची कमतरता आढळली. जागतिक आरोग्य संघटना २० टक्के आणि त्यापुढील प्रमाणाला गंभीर सार्वजनिक समस्या म्हणते. म्हणजे देशाची सरासरी त्या रेषेच्या किंचित खाली आली आहे, आणि त्यामुळे पोषणतज्ज्ञांचा एक गट म्हणतो की सरसकट डोस थांबवून केवळ गरज असलेल्या राज्यांत आणि गटांत तो द्यावा. त्यांचा दुसरा मुद्दा असा की मोठ्या डोसाने रक्तातील पातळी दोन-तीन महिने वाढते आणि पुन्हा खाली येते, तर समृद्ध केलेले तेल आणि दूध मिळू लागल्यावर काही मुलांना जास्तच मिळू शकेल.

मला त्यांचे म्हणणे तत्त्वतः पटते, पण सरसकट डोस बंद करण्याची वेळ आली आहे असे मला वाटत नाही. सरासरी १८ टक्के असते तेव्हा काही जिल्ह्यांत ती त्याच्या दुप्पट असू शकते. भात किंवा ज्वारी आणि पातळ वरण एवढ्यावर वाढणाऱ्या मुलाच्या ताटात ‘अ’ येण्याची वाटच नसते, आणि समृद्ध केलेले पिशवीतले दूध त्या घरात जात नाही. प्रथिने आणि जस्त कमी पडल्यास यकृतात साठा असूनही तो बाहेर आणणारे वाहक प्रथिन तयार होत नाही, हा आणखी एक पेच आहे. त्यामुळे अंगणवाडीतील आहारात अंडी व पालेभाजी वाढवणे आणि डोस चालू ठेवणे ही दोन्ही कामे सध्या तरी बरोबरीने चालायला हवीत. सुस्थितीतील घरातल्या मुलाला हा डोस अत्यावश्यक असतो असे मी म्हणणार नाही. त्याचा धोकाही नगण्य आहे, एखाद्या बाळाला उलटी होते किंवा टाळू किंचित फुगते आणि दोन दिवसांत उतरते. अट एकच, की घरी दुसरे थेंब किंवा मासळीच्या यकृताचे तेल चालू नसावे.

पायवाट

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. वरचे सगळे वाचले, त्यात कामाच्या बाजूने थोडी भर घालते.

बाटलीसोबत येणारा प्लास्टिकचा चमचा २ मिलिलिटरचा असतो आणि त्यावर मध्ये १ मिलिलिटरची रेघ असते. औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये १ लाख एकके असतात, म्हणून नऊ महिन्यांच्या बाळाला रेघेपर्यंत आणि त्यापुढील वयाला पूर्ण चमचा द्यायचा. घरातला चमचा वापरायचा नाही. बाळ रडत असताना, नाक धरून किंवा बळजबरीने पाजायचे नाही. साधी सर्दी असली तरी डोस देता येतो, आणि एखादा डोस चुकला असेल तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, पाच वर्षांच्या आत जेव्हा मूल येईल तेव्हा पुढचा डोस देऊन पुन्हा सहा महिन्यांचे अंतर मोजायचे.

पालकांनी एक गोष्ट आठवणीने सांगावी. गोवर झालेल्या मुलाला उपचार म्हणून लागोपाठ दोन दिवस ‘अ’ चे डोस देतात, वर्षावरील मुलाला प्रत्येकी २ लाखांचे, आणि डोळ्यांत लक्षणे असतील तर काही आठवड्यांनी तिसरा. असा उपचार खासगी दवाखान्यात झाला असेल तर त्याची नोंद आमच्या कार्डावर नसते आणि आम्ही नियमित डोस द्यायला निघतो. दवाखान्याची चिठ्ठी कार्डासोबत आणली तर आम्ही तारीख पाहून पुढचा डोस लांबवतो. घेवडा काका, नातीचा सोळाव्या ते अठराव्या महिन्यातील डोस बूस्टर लसीच्या वेळीच असतो, तेव्हा लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन या आणि घरी काही थेंब चालू असतील तर त्यांची बाटलीही सोबत आणा.